क्लचबाईंची सात वर्षं

तोंडावर सगळे त्यांना बाई म्हणत, पाठीमागे क्लचबाई. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी बसून "क्लच दाब, क्लच! अगं, तो ब्रेक आहे!" असं ओरडून ओरडून आवाज असा झाला होता की, त्यांनी घरी मीठ मागितलं तरी नवऱ्याचा डावा पाय आपोआप हलायचा. हे नवराच सांगायचा. नोकरी सुटल्यापासून तो घरी बसून शिकवणीचे फोन घ्यायचा, वेळा लावून द्यायचा, बाई शिकवायच्या. एक गाडी, एक फोन आणि बाईंचा घसा, एवढ्यावर घर चालायचं आणि लेकीचं कॉलेजही.

जुनी गाडी ऊठसूट रस्त्यात बसकण मारू लागली तेव्हा नवरा म्हणाला, "अगं, वापरलेलीच घेऊ. दणकट बघून."

पण बाईंनी शोरूमच्या काचेवरची हातभर अक्षरं वाचली होती: सात वर्षांची वॉरंटी. "सात वर्षं डोक्याला ताप नाही, अहो! तोवर लेक मार्गी लागते, मग गाडी गेली उडत." विक्रेत्याला त्यांनी सरळ सांगितलं, मी ड्रायव्हिंग स्कूल चालवते. तो हसून म्हणाला, "मग तर मॅडम, ही तुमच्यासाठीच आहे." हातभर अक्षरांसोबत मुंगीएवढ्या अक्षरांचेही कागद मिळाले. ते बाईंनी कपाटात नीट ठेवले. वाचतं कोण? तुम्ही वाचता?

गाडी घरी आली आणि लगेच दिराकडे गेली. दीर वेल्डर. शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही क्लच आणि ब्रेक लागतात, नाहीतर शिकवणाऱ्याने नुसतं देवाचं नाव घेत बसायचं. दिराने तळाला भोकं पाडली, दांडे जोडले आणि हात पुसत म्हणाला, "वहिनी, गाडी मोडेल, पण हे पेडल मोडायचे नाहीत."

दीर खरा ठरला. दुसऱ्या वर्षी भर चौकात गिअरबॉक्सने कडकड आवाज केला आणि गाडी जागच्या जागी थांबली. स्टिअरिंगवर बसलेली मुलगी रडायला लागली. बाईंनी तिची पाठ थोपटली. "रडू नकोस, तुझी चूक नाही. वॉरंटी आहे." तेव्हा त्या हसतही होत्या.

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरचा माणूस फार गोड बोलला. नाही म्हणायचं असलं की ही माणसं साखर जरा जास्तच घालतात. "क्लच झिजणारा भाग आहे मॅडम, तो वॉरंटीत येत नाही. गिअरबॉक्स येतो. पण गाडीत बाहेरून काम केलंय. आणि ही अट बघा: शर्यत, भाडं किंवा शिकवणी यासाठी वापरली, तर वॉरंटी लागू नाही."

"अहो, पेडलचा आणि गिअरबॉक्सचा काय संबंध?"

"संबंध लागत नाही मॅडम. अट आहे."

"दर सर्व्हिसिंगला गाडी इथेच आणली मी. तुमच्याच माणसांनी त्या पेडलना तेल घातलंय! तेव्हा नाही दिसले?"

"सर्व्हिसिंग वेगळं, वॉरंटी वेगळी."

भर रहदारीत नवशिक्याची गाडी एका पायाने थांबवणाऱ्या बाई काउंटरला धरून उभ्या राहिल्या. नव्या गिअरबॉक्सची किंमत ऐकून नवरा घरी नुसता भिंतीकडे बघत बसला. मग फोन वाजला की दचकायचा. शिकणारे किती थांबणार? काहीजण समोरच्या गल्लीतल्या स्कूलमध्ये गेले. लेक म्हणाली, "आई, मी कॉलेज सोडते थोडे दिवस." बाईंनी तिला इतकं झापलं की मग स्वतःच मोरीत जाऊन रडल्या.

अडला हरी गाढवाचे पाय धरी. बाई रोज शोरूमच्या मॅनेजरपुढे जाऊन बसू लागल्या. विनवण्या केल्या, भांडल्या, पुन्हा विनवण्या केल्या. कंटाळून म्हणा की दया येऊन म्हणा, एके दिवशी तो म्हणाला, "नियमात बसत नाही. पण जुन्या ग्राहक म्हणून अर्धा खर्च आम्ही सोसू. माझ्या सहीचा प्रश्न आहे. फक्त बाहेर बोभाटा नको." त्याने कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं. अर्धा खर्च! उरलेल्या अर्ध्यासाठी बाईंनी मनातल्या मनात हातातल्या बांगड्या काढूनही ठेवल्या.

तेवढ्यात मागून हाक आली, "अय्या, बाई! तुम्ही?"

मागच्याच महिन्यात परीक्षा पास झालेली त्यांची विद्यार्थिनी. सोबत नवरा. "अहो, ह्याच त्या बाई," तिने नवऱ्याला सांगितलं. "बाई, तुमच्यासारखीच गाडी घेतोय. तुम्हीच म्हणायचात ना, सात वर्षं डोक्याला ताप नाही! हे भाड्याने चालवणार आहेत. नोकरीचं काही खरं नाही म्हणून साठवलेलं सगळं घातलंय. पण वॉरंटी आहे म्हटल्यावर धीर आला. खरंय ना बाई?"

मॅनेजरचं पेन कागदावर टेकलं होतं. ते तसंच थांबलं. त्याने बाईंकडे पाहिलं, आणि बाईंनी पेनाकडे.

शर्यत, भाडं, शिकवणी. ती ओळ आता त्यांना झोपेतही पाठ होती. तोंड उघडायचं आणि पोरीला बाजूला घ्यायचं, एवढंच. टेबलाखाली बाईंचा पाय फरशीवर जीव खाऊन दाबला गेला, पोटरीत गोळा येईपर्यंत. समोरचं माणूस खड्ड्याकडे चाललं की दाबायचं, एवढंच त्या पायाला आयुष्यभर ठाऊक होतं. पण डोळ्यांपुढे लेक होती, पुस्तकं बांधून ठेवलेली.

"बाई?" मुलगी अजून हसत होती.

"गाडी चांगली आहे," बाई म्हणाल्या. घसा बसला होता म्हणून आवाज नीट आला नाही.

मॅनेजरने सही केली. पलीकडच्या टेबलावर त्या दोघांनीही केल्या. तिचा नवरा आधी प्रत्येक कागद उचलून बघत होता, तेव्हा ती त्याला म्हणाली, "अहो, वाचत काय बसलात? बाईंचीच आहे ना गाडी!"

बाईंना तिथून पळून जायचं होतं. स्वतःची इतकी किळस त्यांना कधीच आली नव्हती. कागद पर्समध्ये कोंबून त्या दारापर्यंत गेल्या, तर मुलगी धावत आली आणि तिने त्यांचा हात धरला.

"बाई, पुढे काही अडलं तर मी तुम्हालाच फोन करीन हं."

"कर," बाई म्हणाल्या.