बोकडाचं लग्न आणि दत्ताचं बंडल

दत्ताच्या नंबरवरून फोन आला तेव्हा मी त्याला शिव्या घालायच्या तयारीतच होतो. आदल्या दिवशी मला न विचारता त्यानं आमच्या वेबसाईटवर काहीतरी केलं होतं आणि सकाळपासून 'शोधा' हे बटण दोनदा दिसत होतं. "काय बे, काय उद्योग करून ठेवलास?" मी ओरडलो. पलीकडे सुनीतावहिनी होत्या, दत्ताची बायको. "भावजी, मी बोलतीय..." छातीत दुखतंय म्हणून त्याला बीडला नेत होते. वाटेतच गेला. बेचाळीस वर्षांचा होता. ते बटण काढायला मला पंधरा दिवस लागले. काम पाच मिनिटांचं होतं.

वडवणीत पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर आमचं दोघांचं ऑफिस. पाटीवर 'सॉफ्टवेअर' असं लिहिलेलं, त्यामुळे लोक मोबाईलची फुटकी काच घेऊन यायचे. दत्ता त्यांना चहा पाजायचा आणि काच तशीच परत द्यायचा. लग्नपत्रिकांच्या वेबसाईट करून आमचं भागायचं, पण त्याचा जीव अडकला होता शेळ्यामेंढ्यांच्या वेबसाईटमध्ये. तो मेंढपाळाच्या घरचा. आठवडी बाजाराआधीच गिऱ्हाइकाला जनावराचा फोटो दिसला, तर आपल्या माणसांना दलालापुढं हात जोडून उभं राहावं लागणार नाही, असं तो म्हणायचा. पोरानं खुर्चीत बसून करायचं काम त्याच्या वडिलांना, आप्पांना, कधी पटलं नव्हतं. तरी कपिलधारकडच्या डोंगरातल्या घराघरांत जाऊन, शब्द टाकून, फोटो त्यांनीच मिळवून दिले.

पण डोंगरात वेबसाईटचं पान उघडेचना. "पांढरंफटक दिसतंय, दूध सांडल्यावानी," आप्पा सांगायचे. पानाचं रंगरूप ठरवणाऱ्या आणि बटणं चालवणाऱ्या मिळून एकतीस बारक्या फायली होत्या आणि फोनला त्या वेगवेगळ्या मागवाव्या लागत. रेंज आली की सातआठ यायच्या, तेवढ्यात रेंज जायची. "रंगरूपाचं एक आन् बटणांचं एक, आशी दोन बंडलं करतो," दत्ता म्हणाला. मी म्हटलं, "बंडलं तर तू शाळेपासून मारतोस."

दोन दिवस खपून त्यानं ते जमवलं. पान चुटकीसरशी उघडलं. आम्ही भजी मागवली. भजी यायच्या आत आप्पांचा फोन आला. "दत्ता, माझ्या बोकडाचं लगीन कुणासंगं ठरवलंस?"

आम्ही पान नीट बघितलं. 'फोल्डरमधलं सगळं बांध' असं दत्तानं कॉम्प्युटरला सांगून ठेवलेलं, आणि त्या फोल्डरमध्ये एका लग्नपत्रिकेची रंगरूपाची फाईल पडून होती. प्रत्येक बोकडाभोवती गुलाबांची महिरप आणि डोक्यावर सोनेरी अक्षरांत 'शुभविवाह'! बटणंही मेलेली, कारण फायली नावाच्या अक्षरानुसार जोडल्या गेल्या होत्या आणि जिच्या जिवावर बाकीच्या चालायच्या तीच सगळ्यांच्या मागं राहिली होती. मी पोट धरून हसत होतो. आप्पा हसत नव्हते. "माझ्या शब्दावर फोटो दिलते लोकांनी," एवढंच म्हणाले. दत्तानं भज्याला हात लावला नाही.

तासाभरात त्यानं लग्नाची फाईल काढली, क्रम हातानं लावला. आमच्या फोनवर बोकड पुन्हा ब्रह्मचारी झाले. डोंगरात मात्र लग्नं चालूच! तिथल्या फोनांनी जुनं बंडल साठवून ठेवलं होतं, ते नवं मागवेनात. "घरोघर जातो आन् फोन साफ करतो," म्हणून दत्तानं गाडीला किक मारली. आज पाली, उद्या कपिलधार... दुसऱ्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बंडलाच्या नावात एक आकडा बदलला की फोन आपोआप नवं मागवतो! लगेच त्याला फोन लावला.

"म्हाईत हाय," तो म्हणाला. "काल पालीतच सुचलतं. केलं बी."

"मग अजून कावून फिरतोस बे?"

"म्हातारी माणसं म्हणतेत अक्षरं लई बारकी हायेत. आन् माफी काय फोनवर मागायची आसती का?"

तिसऱ्या दिवशी तो परतला तो आप्पांना गाडीवर मागं बसवून. आप्पा आमच्या ऑफिसात पहिल्यांदाच येत होते. काय चुकलं होतं ते दत्तानं त्यांना पडद्यावर दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्होरचं मागं गेलं की कळप बिथरतोच," ते म्हणाले. "येवढं तर तुला घरीच शिकवलतं." त्या आठवड्याच्या बाजारात गिऱ्हाइकं "नवरदेव कुठाय?" असं विचारत आप्पांना शोधत आली. दुपारच्या आत बोकड विकला गेला. तेव्हा कुठं आप्पा हसले, आणि दत्तानं दोन प्लेट भजी एकट्यानं खाल्ली.

गेल्या आठवड्यात बंडलात एक नवी फाईल घालायची होती. बंडलाची यादी मी पहिल्यांदाच उघडली; ते खातं त्याचं होतं. प्रत्येक फाईलशेजारी त्यानं मराठीत टीप लिहून ठेवलीय. 'ही आधी, न्हाईतर फोटो रुसतेत.' 'हिला हिच्या शेजारी बसवू नका, भांडतेत.' सगळ्यात खालच्या फाईलपुढं लिहिलंय, 'ही शेवटीच ठिवा. कावून ते इचारू नका, मलाबी म्हाईत न्हाई.'

मी ती वर नेऊन बघितली. सगळं व्यवस्थित चाललं. काहीही बिघडलं नाही...

परत खाली नेऊन ठेवली.