कुसुमवन्सं आणि चिकटलेली शेवई

मला या घरात नवऱ्याने नांदवलं नाही, सासूनेही नाही. नणंदेने नांदवलं.

त्या कुसुमवन्सं आज सकाळी गेल्या.

नात म्हणाली, "आजी, मी टाइप करून देऊ का?" म्हटलं नको. माझी शाळा चौथीपर्यंत, चुका होतील. पण माझ्या वन्सं आहेत, मीच लिहिणार.

साल एकाहत्तर असेल. मोठा दुष्काळ अजून यायचा होता. आमचं गाव कोपरगावजवळ, पाटपाण्याचं, म्हणून घरचा गहू.

माझा पहिला मुलगा झाला, श्रीधर. गुबगुबीत, गोरा. इतका गोड की बघत राहावं.
पण मान धरेना. डोळे बारीक. तळहातावर एकच आडवी रेष.

डॉक्टर म्हणाले, "मंगोल बाळ आहे." तेव्हा तसंच म्हणायचे, आता डाउन सिंड्रोम म्हणतात. टॉनिकची बाटली दिली न् पुढच्या पेशंटला हाक मारली.

आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, कारण लगेच शोधलं.
"गिराणात इळीवर बसली आसंल."

मी बसले नव्हते हो! ग्रहणभर खोलीत पडून होते, घोटभर पाणी घेतलं नव्हतं. पण दारात येणारी प्रत्येक बाई तेच म्हणायची. शेवटी मलाच वाटायला लागलं, बसले असेन.

ठरलं. मला बाळासकट माहेरी पोचवायचं. यांना दुसरी करायची.

पण शेवया झाल्यावर.
माझा हात बरा होता ना शेवयांना! सून टाकायची, पण उन्हाळकाम उरकून. आता हसू येतं.

आमचे हे? खाली मान घालून बैलांना पाणी दाखवायचे. त्या आठवड्यात आमचे बैल जेवढं पाणी प्याले तेवढं कधी प्याले नसतील.

वन्सं तेव्हा नगरला हॉस्टेलवर, बीएस्सीला. घरातली पहिली शिकलेली मुलगी. सुट्टीला आल्या की पेल्यातल्या पाण्यावर कांदा ठेवून मुळं वाढवायच्या. आत्याबाई ओरडायच्या, "कांदा खायाचा का त्याला आंगूळ घालायची?"

त्या सुट्टीला आल्या तर अंगणात शेवया चालल्या होत्या. बाळ झोळीत. मी डोळे पुसत पीठ मळत होते. वन्संनी मला विचारलं, मी सगळं सांगितलं.

त्या तडक आईसमोर जाऊन बसल्या.

आत्याबाईंच्या हाताच्या शेवया म्हणजे काय सांगू! कणकेचा दोर ताणायचा, दुमडायचा, परत ताणायचा. एकाच्या दोन, दोनाच्या चार. मग झुबका मधून अलग करायचा. निम्मा या काठीवर वाळत, निम्मा त्या काठीवर.

वन्संनी बोट दाखवलं.
"आई, ह्या दोन शेवया सुटल्याच न्हाईत. दोन्ही एकाच काठीवर आल्या."
"येत्यात कवा कवा."
"म्हणजे इकडं एक जास्त, तिकडं एक कमी."
"व्हय. मग?"
"कुणाचं पाप म्हणायचं हे?"
"पाप कशाचं गं? पीठ हाय, चिकटतंय."

"मग ऐक. माणसाच्या अंगात पण असंच असतं. मी कांद्याच्या मुळात मायक्रोस्कोपनं बघितलंय. पेशीत दोऱ्यासारखे क्रोमोसोम असतात. एका पेशीच्या दोन व्हायच्या आधी प्रत्येक दोऱ्याचे दोन होतात, मधोमध रांग लावतात, आणि बारीक धागे त्यांना दोन टोकांना ओढून नेतात. एक इकडं, एक तिकडं. मूल ज्या बीजातनं होतं ना, ते बनतानाही दोऱ्यांच्या जोड्या अशाच सुटाव्या लागतात. श्रीधरच्या वेळी एक जोडी सुटली नाही. त्याला एक दोरा जास्त आला. त्यात ग्रहण नाही आणि विळी पण नाही."

आत्याबाई काय कच्च्या? म्हणाल्या, "पर बीज हिचंच ना?"

"बापाचंही असू शकतं."

मदतीला आलेल्या शेजारच्या सखूकाकू शेवई हातात धरून तशाच.

"माझ्या ल्योकाला नावं ठिवती, कुसे?" आत्याबाईंनी पिठाचा हात उगारला.

"नावं न्हाई ठेवत. पण वहिनीला पोचवणार असशील तर दादालाही पोचव. त्याला कुणाच्या दारात सोडायचा तेवढं सांग!"

आत्याबाई हसू दाबत होत्या का राग, आजपर्यंत कळलं नाही. दुसऱ्या दिवशी माझी बांधलेली ट्रंक त्यांनीच उचलून माळ्यावर ठेवली.

मी राहिले.

पण गावात तोंडं गप्प बसतात का? संगमनेरकडे वन्संचं लग्न जवळजवळ जमलं होतं. तिकडे बातमी पोचली, यांच्या रक्तातच खोट आहे, पोरगीच सांगते.
निरोप आला नाही. पुढे कुणाचाच आला नाही.

वन्संनी जन्मभर परगावी शाळेत शिकवलं. श्रीधर पंचविशीत गेला, हृदय कमजोर होतं त्याचं. शेवटपर्यंत एसटीचा हॉर्न वाजला की "आत्या!" म्हणून फाट्यावर पळायचा. बहुतेक वेळा आत्या नसायची. तरी पळायचा.

एकदा मी विचारलं होतं, "वन्सं, ते बापाचं तेवढं बोलला नसतात तर?"

म्हणाल्या, "खरं होतं ते, वहिनी. अर्धंच सांगितलं असतं तर तू अर्धीच नांदली असतीस."

श्रीधरनंतर मला मुलं झाली, आता घरभर नातवंडं. एक इंजिनियर, एक दिवसभर रील बघतो, धाकटी मला फोन शिकवते आणि रागावते. सगळी माझी गुणाची.

आज गोदावरीच्या काठी गुरुजींनी विचारलं, "बाईंना मूलबाळ नाही ना? मग अग्नी कोण देणार?"

माझी सगळी उभी राहिली. मुलं, मुली, नातवंडं. एकही बसून राहिलं नाही.



वन्सं, हात जोडते. सावकाश जावा.