समोर मासळी नसेल तर

न्यामिझीबाईंच्या शाळेत आता कॉम्प्युटरची खोली झाली आहे. निवृत्तीनंतर बाई एकदा तिथे डोकावून आल्या. पोरं पडद्यावर बोटं फिरवत होती आणि पडदा निमूट ऐकत होता. "छान आहे," म्हणाल्या, आणि घरी मक्याच्या पिठाची उगाली ढवळताना त्यांचे डोळे भरून आले. त्यांच्या वेळी कॉम्प्युटर त्या स्वतःच होत्या!

व्हिक्टोरिया सरोवराच्या काठचं ते गाव. शाळेत वीज नाही. बाई तेव्हा तिशीच्या, शहरातून नुकत्याच काहीबाही शिकून आलेल्या. डोक्यात एकच खूळ, पोरांना प्रोग्राम लिहिता आला पाहिजे. हेडमास्तर लुकांडांनी कपाळाला हात लावला. "यंत्र नाही, तर शिकवणार काय, डोंबल?"

"यंत्र मी होते. पोरं सांगतील तेवढंच करीन."

"बरं. पालकसभेत दाखवा. फजिती झाली, तर तो तास शाळेच्या मक्याच्या वाफ्याला."

पहिल्याच दिवशी गाडं अडलं. मोठ्या माणसाला हुकूम सोडायचा? सुकुमा जमातीच्या पोरांची जीभ उचलेना. लिमी नावाची मुलगी तर गुडघे टेकून "शिकामू, बाई" असा वडीलधाऱ्यांना करायचा नमस्कार करून मान खाली घालून बसली. बाईंनी "मराहाबा" म्हणून तो घेतला, पण नमस्काराने यंत्र काही हलत नाही. एकाने धीर केला, "बाई, त्रास होणार नसेल तर जरा पुढे याल का?"

"हा हुकूम नाही रे राजा, ही विनवणी झाली," बाई म्हणाल्या आणि जागच्या हलल्या नाहीत.

बरेच दिवस डोकं खाजवल्यावर त्यांना आपली आजी आठवली. आम्हा सुकुमांकडे मान सगळ्यांना द्यायचा, पण आजीची थट्टा करायला पूर्ण मोकळीक. नातू तिला खुशाल "बायको" म्हणतो, आणि तीही "आलास का नवऱ्या" म्हणून त्याला चिमटा काढते. दुसऱ्या दिवशी बाई बायका नेसतात तो रंगीत कापडाचा कांगा गुंडाळून, कमरेत वाकून वर्गात आल्या. "आज मी बाई नाही, तुमची आजी. बिनडोक म्हातारी. सांगाल तेवढंच कळतं मला."

मागून आवाज आला, "ए म्हातारे, डावीकडे वळ आणि चाल!" बाई वळल्या, चालल्या आणि भिंतीवर आपटल्या. वर्गात असा हशा उसळला की शेजारचे मास्तर धावत आले. लिमी तेवढी तोंडातल्या तोंडात पुटपुटायची.

पालकसभेच्या दिवशी काठावरच्या वाळूत डगा नावाची बारीक मासळी वाळत पडली होती. एकाही माशावर पाय न देता म्हातारीला होडीपर्यंत न्यायचं होतं. हुकूम सोडायची चिठ्ठी नेमकी लिमीच्या नावाची निघाली. तिने घोकून ठेवलेलं कसंबसं सांगितलं, "समोर मासळी असेल तर उजवीकडे वळ. नसेल तर सरळ चालत राहा." आणि ती बाजूला झाली.

बाई निघाल्या. मासळीवाल्या बायका जीव मुठीत धरून बघत होत्या. एकही मासा तुडवला गेला नाही, टाळ्या पडल्या. पण होडी राहिली बाजूला, मासळी संपली आणि सरोवर सुरू झालं. पाण्यावर कोण मासळी वाळत घालतं? बाई सरळ चालत राहिल्या.

पाणी गुडघ्याला लागलं तोवर लोक हसत होते. कमरेला लागलं तसा लुकांडांचा आवाज फाटला, "अहो बाई, पुरे! फिरा मागे!" पण यंत्र लिमीचं होतं, हेडमास्तरांचं नव्हे. बाईंना पोहता येत नाही हे सगळ्या गावाला ठाऊक. पण स्वतःच्या मनाने वळल्या, तर तासही गेला आणि पोरांना दिलेला शब्दही गेला.

पाणी छातीपर्यंत आलं आणि लिमी धावत सुटली. "ए म्हातारे! थांब! थांब म्हणते ना! बुडशील मेले! वळ मागे, आणि सरळ माझ्याकडे ये!" गावाने त्या पोरीचा आवाज आजवर ऐकलाच नव्हता. तिची आई तोंडावर हात ठेवून मटकन खाली बसली.

बाई थांबल्या, वळल्या, आल्या. लिमी हुंदके देत त्यांना बिलगली. "चुकलं माझं."

"थांबायचं कुठे ते सांगायचं राहिलं होतं गं. सांगितलंस ना आता?"

लुकांडा घाम पुसत आले. "तास तुमचा, बाई. पण यापुढे पाण्यापासून लांब!"

बाई काठावर निथळत उभ्या होत्या. लिमी त्यांच्या कांग्याचं टोक पिळत होती, आणि पहिल्यांदाच मान वर करून थेट त्यांच्या डोळ्यांत बघत होती.