बिनलग्नाचं येसर

बेबीनंदाच्या घरी संध्याकाळी साडेसहाला गॅस पेटायचा आणि सातला ताटं मांडलेली असायची. आमच्या स्वयंपाकघरांमधली भिंत एकच, त्यामुळे कुकरच्या शिट्ट्यांवरून मला सगळं कळायचं. मी दिवसभर घरात असून माझी भाजी पावणेआठच्या आधी उतरत नसे. तेव्हा थोडी असूया वाटायची, हे कबूल करते.

ती नवीन जालन्यातल्या एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत होती. शंभर शंभर दाणे मोजून ओल्या कागदात गुंडाळायचे आणि आठवड्याने किती उगवले ते लिहायचं, हे तिचं काम. नवरा मच्छिंद्र जुन्या जालन्यात बँकेत. येताना तो तिला एम-८० वर मागे बसवून आणायचा आणि चपला काढल्या काढल्या तांदूळ धुवायला घ्यायचा. शहागडच्या शेतकऱ्याचा मुलगा कुकर लावतो, हे गल्लीला पचायला वर्ष लागलं. बेबीनंदा म्हणायची, "त्यांला तेवढंच येतं वैनी. पण बराबर येतं."

बाकी सगळी किमया येसराची. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं, मिरच्या, सगळं वेगवेगळं खमंग भाजायचं आणि एकत्र दळायचं. मग रोजचं काम किती? चार चमचे येसर गार पाण्यात कालवायचं, लसणाच्या फोडणीत पाणी उकळलं की त्यात सोडायचं, दोन उकळ्या आल्या की आमटी तयार. कोरडं पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकलं तर गुठळ्या होतात, एवढं सांभाळायचं.

अडचण एकच. तिच्या सासरी येसर दळायचं ते फक्त लग्नात. आधी हळद, मग येसर, असं जात्याला लागायचं आणि पंगतीत आमटी वाढायची. भाजल्याचा वास आला की गाव विचारायचं, नवरदेव कोण?

बेबीनंदाच्या स्वतःच्या लग्नात पाच किलो येसर उरलं. सासूबाईंनी, म्हणजे चांगुणाबाईंनी, ते डब्यात भरून तिच्याबरोबर दिलं. ते पोळ्यापर्यंत पुरलं. नंतर मात्र भिंतीपलीकडची जेवणं साडेआठवर गेली. दोघंही चिडचिडी झाली. म्हणून दिवाळीला शहागडला गेल्यावर, सासूबाई एक दिवस माहेरी गेल्याचं बघून हिनं सगळं साहित्य भाजलं आणि सरळ गिरणीत नेलं. कशासाठी, ते कोणाला सांगितलं नाही.

तिथंच घोटाळा झाला. धाकट्या दिराची, कचरूची सोयरीक तेव्हा वडीगोद्रीच्या काकासाहेबांच्या मुलीशी चालली होती. बोलणी झालेली, सुपारी फुटायची बाकी. गिरणीतून वास सुटला आणि दुसऱ्या दिवशी वडीगोद्रीला बातमी पोचली, की कचरूचं दुसरीकडे जमलं, येसरसुद्धा दळून झालं. काकासाहेबांचा निरोप आला, आमची मुलगी आम्हाला जड झालेली नाही. चांगुणाबाईंनी शपथा घेतल्या, पण बिनलग्नाचं येसर कोणाला पटणार? कचरू धड जेवेना. सासूबाई सुनेला एवढंच म्हणाल्या, की तू दळलं, आता तूच निस्तर.

तिनं काकासाहेबांना पत्र टाकलं: मामा, एकदा कामाच्या दिवशी, न कळवता, संध्याकाळी आमच्याकडे या. खुलासा वगैरे काही लिहिला नाही.

ते एका बुधवारी सहालाच आले. दाराला कुलूप, म्हणून मी त्यांना आमच्याकडे बसवलं. चहा घेतला, पण फेटा काही सैल केला नाही.

"ताई, तुम्ही शिकल्यासवरल्या दिसता," ते म्हणाले. "रोजच्या कालवणासाठी येसर कोण दळतं? हे लोक मला यडं समजून राह्यले का?"

मी म्हटलं, अर्धा तास थांबा.

साडेसहाला एम-८० वाजली, तशी मी त्यांना पलीकडे घेऊन गेले. बेबीनंदानं पदर सारखा केला, पाया पडली आणि आत गेली. मच्छिंद्र पाहुण्यांना बघून उंबऱ्यातच घुटमळला. सोयऱ्यासमोर तांदूळ धुवायचे म्हणजे काय, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्यानं बाह्या वर केल्या आणि कुकर लावला. काकासाहेब ते टक लावून बघत राहिले. ती भाकरी थापत होती. कुकर उतरला तशी त्या शेगडीवर फोडणी पडली. सात वाजून पाच मिनिटांनी तिनं ताट मांडलं आणि येसराचा डबाही समोर आणून ठेवला. डब्यावर प्रयोगशाळेतल्यासारखी चिठ्ठी होती: येसर, लॉट दोन, दिवाळी १९९४.

"लॉट एक कुठाय?"

"ते आमच्या लग्नाचं होतं, मामा. पोळ्यालाच संपलं."

"पाच किलो? दोन माणसांत?"

"तीन," मच्छिंद्र म्हणाला. "वैनी पण वाटीवाटीनं नेतात ना."

मी खिडकीबाहेर बघू लागले.

काकासाहेबांनी भाकरी आमटीत कुस्करली. दुसऱ्यांदा आमटी मागून घेतली, तेव्हा फेटा मांडीवर आला होता. हात धुताना त्यांनी मच्छिंद्रला विचारलं, "कचरूला लावता येतो का कुकर?"

"न्हाई अजून."

"मंग जल्दी शिकवा. आमची पोरगी डी.एड. करून राह्यली. उद्या शाळेवर लागली तर दोघं संध्याकाळी खातील काय?"

वैशाखात लग्न झालं. येसर दळलं त्या दिवशी मी शहागडलाच होते. चांगुणाबाईंनी अंदाजापेक्षा कितीतरी जास्त भाजलं होतं. पंगतीपुरतं काढून उरलेलं त्यांनी दोन डब्यांत भरलं आणि माझ्यापुढे सरकवलं. त्यांना लिहिता येत नव्हतं.

"थोरलीच्या डब्यावर तीन लिहा, धाकटीच्या डब्यावर चार," त्या म्हणाल्या. "आन् तुमची वाटी आणली असंल तर द्या इकडं."