लोटून घेतलेलं दार

गोकुळ रोडवरच्या माझ्या वर्कशॉपमध्ये लेथ मशीन चालू होतं, त्यामुळे फोन दोनदा वाजून गेला तरी कळलं नाही. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा पलीकडे सविता होती, धारवाडच्या प्रयोगशाळेत अक्काच्या हाताखाली पीएच.डी. करणारी. एरवी माझ्याशी हौसेनं मोडकंतोडकं मराठी बोलणारी सविता त्या सकाळी नुसतं कन्नड बोलत होती, आणि जन्मभर कन्नड बोलूनही मला काही समजेना... अक्का कामाच्या टेबलाशी बसल्या बसल्या गेली होती. हृदय थांबलं. मूत्रपिंडाचा आजार मला, गोळ्या मला, पथ्य मला; आणि गेली ती. याचा राग मला अजून येतो. तेरावा उरकल्यावर देशपांडे नगरातल्या आमच्या घरी मी तिच्या खोलीला कडी घातली आणि तिकडे फिरकलोच नाही.

वसुधाअक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही. रोज हुबळीहून धारवाडला जायची आणि काचेच्या बशांत पेशी वाढवायची. दही विरजावं तसं काहीतरी असेल, अशी आम्हा घरच्यांची समजूत. काही वर्षांपूर्वी माझ्या पायांवर सूज आली, सुईनं मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून तपासला, तेव्हा कळलं की तिथल्या गाळणीतल्या पेशी कारण नसताना वाढताहेत. गाळणी अशीच बुजत गेली तर पुढे डायलिसिस. अक्कानं रिपोर्ट दोनदा वाचला आणि घडी घालून परत दिला. पण थोड्याच दिवसांत कळलं की इतक्या वर्षांचा विषय सोडून तिनं मूत्रपिंडाच्या पेशी हाती घेतल्यात. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "जुन्याचा कंटाळा आला की रे." खोटं बोलणं तिला कधी जमलं नाही.

एकदा जेवताना तिनं मला समजावलं. "बघ, पेशीच्या भिंतीला बारीक दारं असतात. त्यातनं कॅल्शियम आत शिरलं की तिला वाढायची हुक्की येते. रक्तदाबाच्या काही जुन्या गोळ्या ती दारं अडवतात. त्यानं वाढ मंदावते काय, ते बघायलोय आम्ही."

"व्हॉल्व्ह म्हण की सरळ," मी म्हटलं.

आईनं स्वयंपाकघरातून अर्धंच ऐकलं : कॅल्शियम अडवायचं. दुसऱ्या दिवसापासून माझं दूध बंद, दही बंद, जेवणानंतरच्या विड्याला चुनाही बंद. ते बिनचुन्याचं पान मी आठ दिवस मुकाट्यानं चघळलं. चुना न लावता गंडवला गेलेला हुबळीतला पहिला माणूस मीच असेन! अक्काच्या लक्षात आलं तेव्हा हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगं आई, ताटातलं नव्हे! आणि त्या दाराला कडीसुद्धा घालायची नाही. कॅल्शियम हृदयालाही लागतं की. नुसतं लोटून घ्यायचं." हे मात्र आईला लगेच पटलं, कारण लेकीची सवयच तशी होती. अक्कानं आपल्या खोलीला कधी कडी घातली नाही. वाचत बसली तरी दार लोटलेलं, हाक ऐकू येईल एवढी फट ठेवून.

मध्ये एकदा सगळ्या बशांना बुरशी आली आणि अनेक महिन्यांची मेहनत सिंकमध्ये गेली. त्या दिवशी ती जेवली नाही. मग एका संध्याकाळी चपला काढता काढताच म्हणाली, "निधान!" कन्नडमध्ये निधान म्हणजे हळू, सावकाश, आमच्या घरात मराठीतही तेच चालतं. औषध घातलेल्या बशीतल्या पेशी निधान वाढत होत्या. मी म्हटलं, मग मीही ती गोळी सुरू करतो. तशी डाफरली, "बशीतली पेशी म्हणजे तू नव्हेस. डॉक्टर देतात ते घे आणि लोणचं खाली ठेव." दुसऱ्यांदाही तसंच झालं. पण तिचा हट्ट, तीनदा झाल्याशिवाय झालं म्हणायचं नाही. तिसरी खेप अर्ध्यावर असतानाच ती गेली. मला तिच्या जाण्याइतकीच ती अर्धवट राहिलेली खेप खुपत होती.

गेल्या आठवड्यात सविता घरी आली. आईच्या पाया पडली आणि मला म्हणाली, "मत्त निधान आग्याव्री, अण्णा." पुन्हा मंदावल्यात. तिसऱ्यांदा! मी वर्कशॉपचा राकट माणूस, पण खुर्चीत बसून पोरासारखा रडलो. अजून पुष्कळ वाट बाकी आहे, हे मला ठाऊक आहे. बशीतून माणसापर्यंत यायला किती वर्षं लागतील कोण जाणे, आणि त्याचा उपयोग मला होईल की माझ्यामागून येणाऱ्या कुणाला, तेही माहीत नाही. पण सविता थांबणार नाही, आणि माझी गाळणीही अजून टिकून आहे.

तिला अक्काची वही हवी होती. म्हणून मी कडी काढली. वही उशाशीच होती, चष्म्याखाली. ती घेऊन सविता गेली आणि माझा हात पुन्हा कडीकडे गेला... तेवढ्यात मागून आई म्हणाली, "राहू दे की रे." मी दार नुसतं लोटून घेतलं, हाक ऐकू जाईल एवढी फट ठेवून.