आठ वाल आणि एक काळा वाटाणा

तो काळा वाटाणा मी टाकला होता. एवढं एक वाक्य लिहायला मला तीसेक वर्षं लागली, आणि लिहून झाल्यावर बघतो तर ते केवढंसं आहे. बायकोला हे ठाऊक नाही. ज्या मित्राचं घर त्यामुळे हुकलं त्याला ठाऊक नाही. शेजारच्या ज्या म्हाताऱ्या काकांवर त्याचं खापर फुटलं, ते तर हे कळायच्या आधीच गेले.

वाटाणा मतदानाचा होता. पण त्याआधी आमची सोसायटी सांगायला हवी, कारण असलं मतदान आमच्यासारख्या माणसांनाच सुचतं.

आमचं लग्न जातीबाहेरचं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी उरणकडे बंदरावरच्या एका ऑफिसात कारकून, बायको पनवेलला शाळेत शिक्षिका. जुन्या पनवेलमध्ये भाड्याचं घर शोधायला गेलो की मालक चहा पाजायचे, हवापाण्याचं बोलायचे आणि शेवटी बायकोचं माहेरचं आडनाव विचारायचे. एक गृहस्थ फारच सज्जन होते. म्हणाले, "आमचं तसं काही नाही हो. पण विहीर सामाईक आहे." जवळच्या विचुंबे गावात एक घर बघितलं. तिथे विहीर नव्हती, तरी आडनाव विचारलंच.

तेव्हा मी जाहीर केलं की आता आपण घर शोधायचं नाही, वस्ती शोधायची. नवी वही काढली, 'आपली मूल्ये आणि परिसर' असा मथळा घातला, त्याखाली दोन रेघा मारल्या आणि अठरा मुद्दे लिहिले. बायकोने पोळ्या लाटता लाटता ते वाचले.

"पाणी किती वाजता येतं, हे कुठे आहे यात?"

ते नव्हतं. एकोणिसावा मुद्दा म्हणून घालतो म्हटलं, तर म्हणाली, "राहू दे. मूल्यांना अंघोळ लागत नाही."

पुढे आमच्यासारखीच पोळलेली आणि वह्या बाळगणारी नऊ कुटुंबं भेटली आणि नवीन पनवेलला आमची दहा घरांची दुमजली सोसायटी उभी राहिली. दारावरच्या पाटीवर आडनाव लिहायचं नाही, फक्त नावं, हा आमचा पहिला नियम. त्याचा आम्हाला इतका अभिमान होता की पाहुण्यांना आधी पाट्या दाखवायचो, मग पाणी द्यायचो. एकाच नावाच्या तिघी जणी इमारतीत होत्या. पोस्टमन खालूनच ओरडायचा, "अहो, यातली कुठली?" आणि तिघीही गॅलरीत यायच्या.

मी सेक्रेटरी. अक्षर चांगलं होतं आणि मतं पुष्कळ होती. दुसरा नियम माझाच. नवीन सभासद घ्यायचा तर सगळ्यांचं एकमत हवं. "बहुमत म्हणजे सभ्य माणसांची दांडगाई," असं मी सभेत म्हणालो होतो. टाळ्या पडल्या होत्या. खरं सांगायचं तर ते वाक्य मला अजूनही आवडतं.

मत गुप्त ठेवायचं, पण चिठ्ठी लिहिली तर अक्षर ओळखू येणार. त्यावर तोडगा बायकोने काढला. दर घराला एक वाल आणि एक काळा वाटाणा द्यायचा. हो म्हणायचं असेल तर दुधाच्या पावडरीच्या डब्यात वाल टाकायचा, नाही म्हणायचं असेल तर वाटाणा. उरलेला दाणा मुठीतच परत पिशवीत सोडायचा. घराला एकच मत.

दोन-तीन वर्षांनी माझ्या समोरचं कुटुंब बदली होऊन गेलं आणि ते घर रिकामं झालं. समोरचं म्हणजे अगदी समोरचं. माझं दार उघडलं की त्यांचं दार.

बंदरावर क्रेन चालवणारा माझा एक मित्र होता. उरणजवळच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातला. जेवणाच्या सुट्टीत आमचे डबे एकत्र उघडायचे, म्हणजे त्याचा उघडायचा आणि मी खायचो. त्याला त्या घराबद्दल कळलं.

"दादा, पोरगी धावी पास झाली. पंच्याहत्तर टक्के हायेत. तिला सायन्स करायचाय. आमच्याकडून रोज पनवेलला दोन येष्ट्या बदलायच्या, न् सांजची येष्टी कवा येल त्याचा नेम नाय. तुमच्या सोसायटीत आमचा नंबर लागंल का?"

"लागेल का म्हणजे? तुझ्यासारख्यांसाठीच तर आहे ती."

"तसा नाय. तीन जागा बघून आलो. वास येल म्हनतात."

मी संतापलो. अगदी मनापासून संतापलो. पुढच्या सभेत त्याचा अर्ज मीच वाचून दाखवला आणि त्यावर एक भाषणही केलं.

मतदानाच्या आधीच्या रविवारी त्याने आम्हाला जेवायला बोलावलं. त्याच्या बायकोचा आवाज बांधापलीकडे जाईल असा. कोलंबी वाढली, वर माझ्या पाठीत धपका घातला. "खा की दादा! पावन्यासारका काय चिवडताव? आता समोरासमोर रावनार. मी काय दार वाजवनार नाय हां, सरल आत शिरनार. वयनी, तुमच्या घरात मीठ कुठं ठेवता तेवढा सांगून ठेवा." बायको पोट धरून हसली आणि मिठाचा डबा कुठल्या फळीवर असतो ते तिने खरंच सांगितलं. मुलगी कोपऱ्यात बसून आमच्याकडे बघत होती. शाळेच्या प्रयोगशाळेत काय काय असतं ते तिने बायकोला विचारून घेतलं.

मी पण हसलो. आणि परतीच्या एसटीत माझ्या डोक्यात ते दार घुसलं. मला मुळात बोलायला आवडत नाही. ऑफिसातून आल्यावर बनियनवर, दार लावून, पेपर वाचणारा माणूस मी. शिवाय आमच्याकडे ज्या मंडळींचं येणं-जाणं होतं, ती हळू आवाजात बोलणारी, चळवळीवर चर्चा करणारी. त्यांच्या चर्चेत ही बाई कोलंबीची वाटी घेऊन शिरणार. वासाचं कारण मी स्वतःला दिलं नाही, कारण त्यावर मीच भाषण केलं होतं. मी जास्त सुसंस्कृत कारणं शोधली. त्यांना आपल्यात अवघडल्यासारखं होईल. मुलीवर दडपण येईल. थोडक्यात, समता मला हवी होती, पण वरच्या मजल्यावर. माझ्या दारासमोर नको होती.

पुढच्या रविवारी सकाळी गच्चीवर सभा भरली. डबा फिरला. आमच्या घराचं मत बायको टाकणार होती. ऐनवेळी तिने दोन्ही दाणे माझ्या तळहातावर ठेवले. "तू टाक. तुझा मित्र आहे."

मी हात डब्यात घातला. त्या क्षणी माझा निर्णय झाला नव्हता, असं म्हणायला मला आवडलं असतं. झाला होता. एसटीतच झाला होता.

डबा सतरंजीवर ओतला. आठ वाल आणि एक काळा वाटाणा.

 सगळ्यांची नजर एकाच दिशेला गेली. आमच्यात एक काका होते, सत्तरीतले. घर त्यांच्या मुलाचं, तो आमच्यातला. पण तो नागपूरला बदलीवर, म्हणून काका राहायचे. जानवं, संध्या, कांदासुद्धा न खाणारे. खाली बसता येत नसे म्हणून स्वतःची घडीची खुर्ची घेऊन सभेला यायचे.

काकांना नजरा कळल्या. "मी वाल टाकला," ते म्हणाले.

कुणीतरी पुटपुटलं, पुन्हा मत घेऊ या. तेव्हा सेक्रेटरी म्हणून मी उभा राहिलो. गुप्त मतदान पवित्र असतं, एका माणसाचं मत पटलं नाही म्हणून ते पुसता येत नाही, असं मी गंभीर चेहऱ्याने सांगितलं. मग काकांकडे वळलो. हेही लिहून टाकतो. मी म्हणालो, "काका, तुम्हाला कुणीही जाब विचारलेला नाही. माणूस बदलायला वेळ लागतो. आम्ही थांबू."

मी त्यांना चारचौघांत क्षमा केली.

काकांनी खुर्ची घडी केली आणि एक एक पायरी बघत खाली गेले. सगळेजण माझ्या मोठेपणाबद्दल बोलत राहिले. बायकोच्या डोळ्यांत पाणी होतं. मतदानासाठी आणलेल्या पुड्यातल्या उरलेल्या वालाचं तिने दोन-तीन दिवसांनी बिरडं केलं. मी पोट बिघडल्याचं सांगितलं.

मित्राला बातमी मीच दिली. "एक मत विरोधात गेलं. मी खूप भांडलो रे." तो थोडा वेळ डब्याचं झाकण बोटाने फिरवत बसला. मग त्याने माझ्याच खांद्यावर हात ठेवला. "जाव दे दादा. तुमी तरी आमच्या बाजूनं व्हताव." त्या दिवशीही त्याच्या डब्यातला अर्धा बांगडा मी खाल्ला. नाही म्हटलं असतं तर त्याला वाईट वाटलं असतं, असं मी स्वतःला समजावलं.

मुलगी वर्षभर दोन एसट्या बदलून पनवेलला आली. प्रॅक्टिकल संपेस्तोवर सांजची गाडी निघून जायची. दुसऱ्या वर्षी तिने सायन्स सोडलं.

काका त्यानंतर सभेला आले नाहीत. इमारतीतली मंडळी त्यांच्याशी कामापुरतं बोलायची. एकदा जिन्यात त्यांनी मला थांबवलं. "तुमच्या मित्राला एवढं कळवाल का, माझी काही हरकत नव्हती. मुलीचं शिक्षण होतं हो ते." मी म्हणालो, "कळवतो." कळवलं नाही. पुढे मुलगा येऊन त्यांना नागपूरला घेऊन गेला, आणि दोन वर्षांनी ते वारल्याचं कळलं. सोसायटीच्या वतीने शोकपत्र मीच लिहिलं. अक्षर चांगलं.

समोरच्या घरात नंतर एक प्राध्यापक आले, एकमताने. मुलं-नातवंडं जमली की बायको अजून ती सभेची गोष्ट सांगते. एका माणसाने कसा विरोध केला आणि आपल्या आजोबांनी त्याच्यावर राग न धरता त्याला कसं समजून घेतलं. मी तेव्हा पेपर वाचत असतो.

मित्र आता निवृत्त होऊन जासईला मुलीजवळ असतो. त्याच्याकडे जाऊन, त्याच्या आणि त्या मुलीच्या समोर बसून, घर कुणी नाकारलं ते मला सांगायचं आहे. काकांच्या मुलाला, त्याचे वडील खरं बोलत होते, असं पत्र लिहायचं आहे. आणि त्याही आधी, आत्ता स्वयंपाकघरात ताटं मांडत असलेल्या माझ्या बायकोला हे सांगायचं आहे. यातलं मी अजून काहीही केलेलं नाही.