शेवटचा वाफा

सुकन्याचं म्हणणं सरळ होतं : थोरली जाऊ सविता नाटकं करते. सकाळी ती तीन गायींच्या धारा काढायची आणि ऊन चढून भाकरी थापायची वेळ झाली की हिचे पाय गळायचे. बरोबर तेव्हाच कसे? मग ही उंबऱ्याशी भिंत धरून बसणार आणि चूल सुकन्याच्या गळ्यात. डॉक्टरांनी कागदावर मल्टिपल स्क्लेरोसिस असं नाव लिहून दिलं होतं, पण सोनईत त्याला विचारतो कोण? शेजारणींना सविता वात सांगायची, सासूला अशक्तपणा. जिला जे पटेल ते. सुकन्याला ती काहीच सांगत नसे.

या खेपेला थोरल्या दिरांना ऊसतोडीवर थांबणं भाग होतं, म्हणून नगरच्या दवाखान्यात सुकन्या सोबत गेली. गेली ती गाल फुगवूनच.

"नेमकं होतं काय?" डॉक्टरांनी विचारलं.

सविता पदर सावरून पुढं सरकली.

"सायेब, तुमी रानात पानी भरलंय का कधी? वर मोटार चालू हाय. पानी जोरात सुटलंय. पन मधीच पाट फुटलाय, पानी तितंच जिरतंय. शेवटचा वाफा कोरडाच. माजं पाय म्हंजी त्यो शेवटचा वाफा. ऊन झालं की तर थेंब पोचत न्हाई. आन लोक वाफ्यालाच नावं ठेवत्यात."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "असंच आहे ते," म्हणाले, "अगदी असंच."

सुकन्या थक्क झाली. दोन वर्षं एका चुलीपाशी राहून तिला जे दिसलं नव्हतं, ते या बाईनं बसल्याजागी रानात नेऊन दाखवलं होतं. आणि तो वाफा तर तिच्या ओळखीचा होता. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती तिथंच खोरं घेऊन उभी होती. वाफा कोरडा पाहून सासरे तिच्यावर कडाडले, तेव्हा पाटाच्या वरच्या अंगाकडून चिखलानं माखलेली सविता धावत आली होती. सासऱ्यांना थांबवून फुटलेला पाट तिनं नुसत्या हातांनी बुजवला होता. सुकन्याला जावेचा अभिमान वाटला, आणि स्वतःची लाज.

दुसऱ्या दिवशी ऊन चढलं. सविता उंबऱ्याशी टेकली. ओसरीवरून सासू म्हणाली, "बसली का ही पुन्ना?"

सुकन्यानं परात पुढं ओढली. पहिल्या वर्षी रानात सविता सासऱ्यांना जे बोलली होती, तेच तिच्या तोंडून निघालं.

"तिला बोलू नका, आत्याबाई. तिच्याकडं पानीच आलं न्हाई."